नीळ नसलेला साचा

काकूंचं काम फोडायचं. शिल्पकार बाई मातीतून माणूस घडवायच्या, त्याच्यावर प्लास्टरचा साचा चढायचा, आतली माती काढून साच्यात पांढरं सिमेंट ओतलं जायचं, आणि मग तो साचा फोडून आतल्या माणसाला बाहेर काढायला काकू लागायच्या. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात लाकडी मोगरी, कपाळावर आठी. साचा एकदाच वापरायचा असल्यामुळे त्याला दयामाया नव्हती. सकाळी ठोकाठोक सुरू झाली की शेजारच्या दुकानातला काचवाला ओरडायचा, "काकू, आज कुणाचा जीव घेताय?" आणि काकू आतून ओरडायच्या, "आज दुसऱ्याचा! तुझा नंबर उद्या!"

या ठोकाठोकीला एक नियम होता. साच्याचा पहिला थर, मातीच्या अंगाला चिकटून बसणारा तो पातळ थर, नीळ घालून कालवायचा. कपड्यांना घालतात तीच नीळ. त्याच्यावरचा जाड थर पांढरा. फोडताना पांढरं वाटेल तसं उडवायचं, कितीही जोर लावा. निळं दिसलं की हात थांबवायचा, कारण निळ्याच्या पलीकडे माणूस असतो. मग मोगरी बाजूला ठेवायची आणि तेवढं निळं हळूहळू, नखानं खरवड काढावी तसं काढायचं. इतक्या वर्षांत काकूंच्या छिन्नीनं एकाही पुतळ्याला ओरखडा काढला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

काकूंना एकच मुलगा. त्याला सगळी गल्ली बाळ म्हणायची. बाळ दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा, एवढा तो दांडगा. ट्रकच्या टायरच्या दुकानात कामाला होता, लोखंडी पहारीनं टायर चाकावरून उपटून काढायचा. बाप बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला तेव्हा बाळ शाळेत होता, आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक गुन्ह्याला काकूंकडे एक उत्तर तयार असे: त्याला बाप नाही.

मिसरूड फुटलं त्या वर्षी बाळानं आईला पहिल्यांदा ढकललं. फरशी ओली होती, काकूंनी फरशीला दोष दिला. मग थोबाडीत मारली. त्या दिवशी जेवण गार होतं. मग केसांना धरून भिंतीवर डोकं आपटलं. त्या दिवशी दुकानात मालकाशी वाजलं होतं. एकदा त्यानं दार आपटलं आणि काकूंच्या डाव्या हाताची करंगळी दारात चिरडली. ती वाकडीच जुळली. काकूंनी सगळं पोटात घातलं. पोटात घालायची त्यांची सवय एवढी दांडगी की त्या पोटात अजून जागा कशी उरली होती याचंच नवल. मारून झाल्यावर बाळ रडायचा, आईच्या पायांना मिठी घालायचा, आणि रडताना तो इतका गोड दिसायचा की काकूच त्याची समजूत काढत बसायच्या. सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण झालं ते असं.

मग सून आली. पिशव्या शिवायच्या कारखान्यात मशीन चालवणारी, अंगानं बारीक आणि जिभेनं तिखट. पहिल्या महिन्यात तिनं नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, "माझ्यावर हात उगारायचा नाही." त्यानं तिथेच उगारला. त्यानंतर तिखट जीभ हळूहळू बोथट होत गेली. आता तिला दिवस गेले होते, पोट चांगलं दिसायला लागलं होतं, आणि तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत काकूंना एकाच गोष्टीची धास्ती लागली होती. हे मूल सुखरूप बाहेर आलं पाहिजे. बाकी काही होवो, एवढं झालं पाहिजे. त्यासाठी त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे मध्ये उभं राहणं. बाळ ताटातला चमचा फार जपून, आवाज न करता खाली ठेवायला लागला की काकू उठायच्या आणि त्याच्या आणि सुनेच्या मध्ये जाऊन काहीतरी पुसत बसायच्या. पहिला तडाखा त्यांना बसायचा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागायचं.

अशात शिल्पकार बाईंना एका मोठ्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं. जुन्या इटलीतल्या चित्रकारांनी आणि मूर्तिकारांनी आई आणि मूल हा विषय शेकडो वेळा केला होता. आजच्या शिल्पकारांनी तोच विषय आपल्या पद्धतीनं करायचा होता. बाईंनी चित्रांची जाडजूड पुस्तकं टेबलावर पसरली आणि काकूंना हाक मारली. काकू हात पुसत आल्या. पानापानावर निळी शाल पांघरलेल्या गोऱ्यापान आया, मांडीवर गुटगुटीत पोरं.

"या बायांना घरकाम नव्हतं वाटतं," काकू म्हणाल्या. "एकीच्याही हाताला घट्टा नाही."

"ते सोडा. या पोराकडे बघा. झोपलंय की मेलंय?"

काकूंनी डोळे बारीक केले. पोराचा हात मांडीवरून खाली लोंबत होता, मान कलली होती. "झोपलंयच म्हणा," त्या म्हणाल्या.

"झोपलंयच. पण मेल्यासारखं मुद्दाम काढलंय. पुढे हा मरणार आहे हे आईला ठाऊक आहे, असं त्यांना दाखवायचं असायचं." बाईंनी पान उलटलं. तिथे तीच आई, मांडीवर तोच मुलगा, आता बाप्या झालेला आणि खरोखर मेलेला. "मला यातलं काहीच नकोय. मला मेलेला मुलगा नको, तान्हं पोरही नको. चांगला धष्टपुष्ट, जिवंत बाप्या हवाय, आईच्या मांडीवर गाढ झोपलेला. आणि आई एप्रनमधली, थकलेली. काकू, तुम्ही बसाल? आणि बाळाला आणाल?"

काकू हरखल्या. आपला बाळ पुतळ्यात! त्यांनी हे घरी सांगितलं तेव्हा बाळानं छाती फुगवून आरशात बघितलं आणि सुट्टीच्या दिवशी दाढी करून हजर झाला.

बाईंच्या कारखान्यात बाळ गरीब गाय. बाईंना "हो मॅडम, नाही मॅडम." काकू चौरंगावर बसायच्या, तो उघड्या अंगानं त्यांच्या मांडीवर आडवा व्हायचा, डोकं त्यांच्या डाव्या दंडावर, आणि बघता बघता घोरायला लागायचा. काकूंचे पाय बधिर व्हायचे, कंबर भरून यायची, पण त्या हूं की चूं करत नसत. खरं सांगायचं तर त्या दुपारी त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी होत्या. झोपेत बाळाचा चेहरा सैल पडायचा, ओठ जरासे उघडायचे, आणि तो पुन्हा शाळेत जाणारा पोरगा व्हायचा. काकू त्याच्या केसांतून हात फिरवायच्या. फक्त एक होतं. त्याचा उजवा हात मांडीवरून खाली लोंबायचा, आणि झोपेतसुद्धा त्याची मूठ उघडायची नाही.

बाईंनी ती मूठ बघितली आणि मातीत केली. त्यांनी काकूंची वाकडी करंगळीही बघितली.

"हे बोट?"

"दारात सापडलं."

"आणि मनगटावर हे काय?"

"तेही दारातच."

"दार फारच वाईट आहे हो तुमचं," बाई म्हणाल्या आणि अंगठ्यानं माती दाबत राहिल्या. पुढे विचारलं नाही. विचारायला काय झालं होतं? पण बाईंना बोट हवं होतं, उत्तर नको होतं.

पुतळा मातीत पुरा झाला त्या दिवशी काचवाला बघायला आला. बाळही होता. काचवाल्यानं पुतळ्याभोवती एक चक्कर मारली, लोंबत्या हातापाशी थांबला आणि हसला. "काय रे बाळ, झोपेत पण मूठ? स्वप्नात कुणाला बडवतोस?" सगळे हसले. बाळही हसला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांची पाचावर धारण बसली, कारण त्याचे फक्त दात हसत होते.

संध्याकाळी घरी तो न बोलता जेवला. चमचा ताटात ठेवला, अगदी अलगद. काकू उठायच्या आतच त्यानं त्यांचे केस धरले.

"तू सांगितलंस तिला."

"काय सांगितलं रे? मी काहीच—"

"माझी मूठ दाखवली तिनं. तुझं बोट दाखवलं. गल्ली हसली मला!"

त्यानं त्यांचं तोंड कपाटावर आपटलं. दार चेपलं, भांडी खाली आली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा काकूंच्या नाकातून रक्ताची धार लागली. तो तिसऱ्यांदा हात मागे नेत होता, तेवढ्यात सून ओरडली, "सोडा त्यांना! त्या मरतील!"

बाळानं आईला सोडलं. एवढंच काकूंना नको होतं. तो वळला आणि त्यानं सुनेच्या कमरेत लाथ घातली. ती टेबलाच्या कडेवर आदळून खाली पडली आणि पोटाभोवती हात घेऊन गोळा झाली. काकू रांगत गेल्या आणि तिच्यावर पालथ्या पडल्या, सगळं अंग तिच्या पोटावर पसरून. मग लाथा काकूंच्या बरगड्यांवर बसत राहिल्या. आतून काहीतरी कडकन मोडल्याचं त्यांनी ऐकलं. त्याचा दम संपला तेव्हा तो दार आपटून निघून गेला.

काचवाल्यानं आपल्या टेम्पोतून दोघींना दवाखान्यात नेलं. काचा उभ्या ठेवायच्या रिकाम्या लाकडी घोड्याला धरून सून बसली होती आणि तिच्या पायावर रक्त ओघळत होतं. काकूंचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, यंत्र लावलं, आणि छोट्या ठोक्यांचा आवाज खोलीभर घुमला. मूल जिवंत होतं. काकूंना रडू फुटलं.

"कशा पडल्या या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुनेनं काकूंकडे बघितलं. तिला काय हवं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"जिन्यावरून," काकू म्हणाल्या.

"आणि तुमचं नाक?"

"मी तिला धरायला गेले. दोघी पडलो."

सुनेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्यावर काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको पोरी. मी आहे ना."

"होताच की तुम्ही, आई," सून भिंतीकडे बघत म्हणाली.

काकूंना ते लागलं, पण त्यांनी तेही पोटात घातलं. दुसऱ्या दिवशी बाळ फळांची पिशवी घेऊन आला, दोघींचे पाय धरून ढसाढसा रडला, आणि दोघींना घरी घेऊन गेला. सून गेली, कारण सासूनं डॉक्टरांसमोर जे सांगितलं त्यानंतर ती कुठे जाणार होती?

लगेचच साचा चढवायचा दिवस आला. प्रदर्शन थांबणार नव्हतं आणि माती सुकून तडकली असती. काकू बरगड्यांना पट्टा आवळून कामावर आल्या. बाईंनी त्यांचं सुजलेलं नाक बघितलं. "दार?" त्यांनी विचारलं.

"जिना," काकू म्हणाल्या.

आईच्या अंगावरचा पहिला थर बाईंनी आपल्याजवळच्या पुडीतली नीळ घालून, आपल्या घमेल्यातून चढवला, मुलाच्या पायांवरही. मुलाचं डोकं, छाती आणि लोंबता हात काकूंकडे होता. काकूंनी प्लास्टर कालवलं. फळीवरून निळीचा डबा काढायचा, चिमूटभर सोडायची, ढवळायचं. हे काम त्यांनी झोपेतही केलं असतं. पण त्या दिवशी वाकलं की बरगडी टोचत होती आणि कानात सुनेचं वाक्य घोळत होतं. बाळाच्या मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापताना त्यांना रडू येत होतं आणि रडताना बोटं आपोआप चालत होती. वरचा जाड पांढरा थर चढल्यावर आत काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं. साचा उघडून माती काढली, आतून साबणाचं पाणी फिरवलं, पुन्हा बांधला, सिमेंट ओतलं. साच्याच्या आतल्या बाजूला चेहऱ्यापाशी पांढराच रंग आहे हे बाईंनाही कळलं नाही. डोक्याचा तो कोपरा खोल आणि अंधारा होता, आणि बाईंची घाई चालली होती.

सिमेंट पक्कं झालं आणि काकूंनी मोगरी उचलली.

आईची बाजू आधी फोडली. पांढरं उडालं, निळं दिसलं, काकू थांबल्या. निळं खरवडलं आणि त्यांना आपला खांदा भेटला, मग मान, मग तीच वाकडी करंगळी. मग त्या मुलाच्या डोक्यापाशी आल्या. घाव घातला, पांढरं उडालं. आणखी घाव, आणखी पांढरं. इथे थर जाड बसला असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. निळं येईलच आता. त्यांनी जोर वाढवला. त्यांच्या मनात बरंच काही साठलं होतं, ते हातात उतरलं होतं, आणि ठोकण्यात एक प्रकारचं समाधान मिळत होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. निळं दिसेना. त्या घाव घालत राहिल्या. मग एक घाव वेगळाच बसला, बद्द असा, आणि मोठा तुकडा निखळून त्यांच्या पायाशी पडला.

तुकड्याच्या आतल्या बाजूला अर्धा गाल होता. पुतळ्यात, बाळाच्या डोळ्याखालून जबड्यापर्यंत, खड्डा पडला होता.

"काकू!" बाई धावत आल्या. "निळं कुठंय? नीळ कुठंय?"

काकूंनी फळीकडे बघितलं. निळीचा डबा जिथे होता तिथेच होता, झाकणावर धूळ बसलेली. आईला नीळ मिळाली होती. मुलाला मिळाली नव्हती. त्या चौरंगाच्या कडेवर टेकल्या. निळं दिसेल, मग थांबू, असं धरून त्या ठोकत राहिल्या होत्या. आणि घरी तो ठोकत राहिला होता, आणि आता थांबेल, आता थांबेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या होत्या. इथून पुढे माणूस आहे हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. ओली फरशी, गार जेवण, दार, जिना. काकूंनी थरावर थर चढवले ते सगळे पांढरे. मारणारा हात त्याचा होता, त्याचा दोष त्याच्याच पदरात, हे कुणीही सांगेल आणि ते खरंही आहे. पण त्या क्षणी काकूंना आपला वाटा लख्ख दिसला.

तेवढ्यात कारखान्याचं दार धाडकन उघडलं. सून आत आली. पाय अनवाणी, ओठ फाटलेला, एक बाही खांद्यापासून उसवलेली, दोन्ही हात पोटावर.

"आई, येतोय तो! मी बहिणीला फोन केला, त्यानं ऐकलं!" एवढं बोलून ती पुतळ्यामागे जाऊन दडली.

मागोमाग बाळ आला. हातात टायर काढायची पहार होती. बाई मध्ये आल्या, "हे बघा, इथं हे चालणार नाही," एवढंच त्यांना म्हणता आलं. त्यानं त्यांना ढकललं आणि त्या मातीच्या टाकीवर जाऊन आदळल्या. मग त्याची नजर पुतळ्यावर पडली.

"माझं थोबाड फोडलंस?" त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. "आई, तू माझं थोबाड फोडलंस?"

त्यानं पहार फिरवली. पुतळ्यातल्या आईच्या गुडघ्याचा टवका उडाला. दुसरा तडाखा काकूंच्या कानाजवळून गेला आणि साच्याचा उरलेला भाग फुटला. मग पुतळ्याच्या मांडीवरून वाकून त्यानं मागे दडलेल्या सुनेचे केस पकडले आणि ओढायला लागला. ती किंचाळली. तिचं पोट सिमेंटच्या कडेवर घासत वर येत होतं. त्याचं उजवं मनगट पुतळ्याच्या मांडीवर टेकलेलं होतं, बरोबर काकूंच्या समोर.

काकूंनी मोगरी उचलली आणि घातली.

लाकूड आणि सिमेंट यांच्या मध्ये हाडं आली आणि मोडली. आवाज सगळ्यांनी ऐकला. बाळाच्या हातून केस सुटले, पहार खाली पडली. तो ओरडलाही नाही, इतका चकित झाला होता. मग त्यानं डावा हात आईच्या गळ्याकडे नेला, आणि काकूंनी दुसरा घाव त्याच्या खांद्याच्या हाडावर घातला. आयुष्यभर त्यांनी आतल्या माणसाला न दुखवता ठोकायचा सराव केला होता. दुखवायचं ठरवल्यावर तेही तितकंच नेमकं जमलं. बाळ गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला. काकूंनी तिसऱ्यांदा मोगरी वर नेली. त्या त्याच्या डोक्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. खाली फरशीवर त्याचं मनगट बघता बघता सुजलं, ताणलं, निळं पडत गेलं.

निळं दिसलं आणि काकूंचा हात थांबला.

"आई गं," बाळ म्हणाला. "आई गं, हात गेला माझा."

काकू खाली बसल्या आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "नका घेऊ त्याला!" सून पुतळ्यामागून ओरडली. "आई, नका घेऊ!" काकूंनी घेतलंच. पण दुसऱ्या हातानं त्यांनी त्याचा चांगला डावा हात मनगटाशी गच्च धरून ठेवला, आणि पोलीस येईपर्यंत सोडला नाही. बाई फोन करून वळल्या आणि त्या दोघांकडे बघतच राहिल्या. मग आपण काय बघतोय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

दवाखाना तोच होता आणि डॉक्टरीणबाई त्याच. दारात पोलीस उभा होता.

"हे कसे पडले?" त्यांनी विचारलं.

"पडला नाही," काकू म्हणाल्या. "मी मारलं. मोगरीनं. आणि त्यानं हिला मारलं. आज मारलं, गेल्या वेळीही त्यानंच मारलं. ती जिन्यावरून पडली नव्हती." त्या दारातल्या पोलिसाकडे वळल्या. "आमच्याकडे जिनाच नाही."

पोलिसांनी काकूंनाही नेलं, बसवून ठेवलं, खोदून खोदून विचारलं. बाईंनी आणि काचवाल्यानं बघितलं ते सांगितलं, तेव्हा काकूंना सोडलं आणि बाळाला ठेवून घेतलं. सून आपल्या बहिणीकडे गेली. जाताना ती सासूशी एक अक्षर बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं तिला कोण सांगणार होतं? काकू त्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. चेपलेलं कपाट त्यांनी दुरुस्त केलं नाही. मूल झाल्याचं त्यांना काचवाल्याकडून कळलं. मुलगा होता, वजनाला चांगला, रडायला खणखणीत.

पुतळा प्रदर्शनात गेला. बाईंनी गालातला खड्डा तसाच ठेवला, गुडघ्याचा टवकाही. काकूंनी सांगून बघितलं होतं, "भरून टाका हो बाई. इतकं उघडं बरं दिसत नाही. दुखत असेल त्याला." बाईंनी ऐकलं नाही. लोकांना तो खड्डाच आवडला. लोक पुतळ्यापुढे उभे राहून माना हलवायचे, आई किती शांत आहे म्हणायचे. पहिल्याच दिवशी काकू स्वच्छ कपडे घालून गेल्या आणि समोरच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांना लोकांचं काही ऐकू येत नव्हतं. त्या आपल्या झोपलेल्या मुलाकडे बघत होत्या.

किती वेळानं कोण जाणे, बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी येऊन बसलं. काकूंनी वळून पाहिलं. सून होती. तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बारकं गाठोडं होतं. काकूंचे हात आपोआप उचलले गेले आणि मग त्यांनी ते परत मांडीवर ठेवले.

"तुम्ही इथं असाल असं वाटलंच," सून म्हणाली.

"बरी आहेस?"

"आहे." तिनं गाठोडं जरा सावरलं. "तो सुटून येईल, आई. रडेल. पाय धरेल. पोराला नुसतं बघू दे म्हणेल. तेव्हा काय कराल?"

काकू पुतळ्याकडे बघत राहिल्या. तो प्रश्न त्यांना नवा नव्हता. त्या रोज स्वतःला तोच विचारत होत्या.

"डावा हात शाबूत आहे अजून त्याचा," त्या म्हणाल्या. "आणि मोगरी माझ्याकडेच आहे."

सुनेनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. काकू थट्टा करत नव्हत्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज जराही हलला नव्हता.

"याला कुणी बाळ म्हणायचं नाही," सून म्हणाली.

"नाही म्हणणार."

सून बाकावर सरकत जवळ आली आणि तिनं पोराला सासूच्या मांडीवर ठेवलं. ते गाढ झोपलं होतं, मान कललेली, ओठ जरासे उघडे. काकूंनी दुपटं बाजूला सारलं, आणि सगळ्यात आधी त्याच्या दोन्ही मुठी, एकेक बोट करून, उघडल्या.